रिकाम्या कार्डातली तार

१

कार्ड रिकामं होतं, आणि त्यामुळे एका मेलेल्या माणसाच्या माथी त्याचंच मरण मारलं जाणार होतं.

हे मला सोमवारी सकाळी दहा वाजता कळलं. दुकानाचं शटर अर्धंच वर गेलं होतं, तेवढ्यात बॉयलरवाल्याची बायको वाकून आत आली. तिच्यामागून मान खाली घातलेला फोटोवाला आला. तिने काउंटरवर रुमाल उलगडला. त्यात टपालाच्या तिकिटाएवढं मेमरी कार्ड होतं.

"ताई, यातलं गेलेलं परत आणता येईल का? तीन वाजता तपासनीस यायचेत."

चौकापलीकडच्या मोठ्या लाँड्रीत गुरुवारी सकाळी बॉयलर फुटला, हे सगळ्या गल्लीला माहीत होतं. माझ्या दुकानाच्या काचा हादरल्या होत्या. सव्वीस वर्षं तो बॉयलर सांभाळणारा माणूस त्यात गेला. जास्त झालेली वाफ आपणहून बाहेर सोडायची, एवढंच सेफ्टी व्हॉल्व्हचं काम. तो व्हॉल्व्ह कुणीतरी तारेने करकचून बांधला होता. तारेचा पीळ स्फोटानंतरही त्यावर तसाच होता, आणि बॉयलरवाल्याच्या मुठीत पक्कड होती.

"पक्कड हातात म्हणजे त्यांनीच बांधला, असं म्हणतात," ती म्हणाली. "वाफ लवकर चढावी म्हणून. आज कागदावर तसंच लिहून घेतील. म्हणजे स्वतःच्या बेफिकिरीने मेला, असं."

"तुम्हाला काय वाटतं, वहिनी?"

"हे रात्री गॅसची कळ तीनदा बघणारे होते."

मला ते सांगायची गरज नव्हती. त्यांचा रेडिओ वर्षातून एकदा माझ्याकडे यायचा आणि त्यावर न चुकता चिठ्ठी चिकटवलेली असायची. ठसठशीत, डावीकडे झुकलेल्या अक्षरात: 'उजवीकडचा आवाज कमी. मागचा एकच स्क्रू काढावा. दुसरा काढू नये.' मी चिडून एकदा दुसरा काढला आणि सगळा रेडिओ हातात आला. हा माणूस जिथे हात लावील तिथे लिहून ठेवायचा.

"हे त्या आधीचा आठवडाभर रजेवर होते," वहिनी पुढे म्हणाल्या. "लेकीकडे गेलो होतो आम्ही. बुधवारी रात्री आलो, गुरुवारी पहाटेच कामावर गेले. आणि मंगळवारी, म्हणजे हे इथे नव्हतेच तेव्हा, याने बॉयलरचा फोटो काढला होता."

मी फोटोवाल्याकडे पाहिलं. त्याने मान हलवली.

"लाँड्रीच्या कॅटलॉगसाठी काकू. सगळी मशीनं काढली. त्यात बॉयलरही होता, अगदी समोरून, व्हॉल्व्हसकट. त्या फोटोत तार दिसली असती तर..."

तर ती रजेवरच्या माणसाने बांधलेली नव्हती. आणि तो फोटो या कार्डावर होता, आणखी कुठेच नव्हता.

मी कार्ड उचललं आणि सगळ्यात आधी त्याच्या कडेची चिमुकली खिट्टी खाली सरकवली. आता यावर कुणी नवीन काही लिहू शकणार नव्हतं. मग ते माझ्या चांगल्या रीडरमध्ये सरकवलं आणि पडद्याकडे पाहिलं. जे दिसलं ते पाहून मी चष्मा पुसला आणि पुन्हा पाहिलं.

२

गल्लीत मला शंकाकाकू म्हणतात. पाठीमागे म्हणतात, पण मला ऐकू येतं. कुणी मेमरी कार्डाचा रीडर मागितला की मी तीन प्रश्न विचारल्याशिवाय कपाट उघडत नाही. कार्ड कोणतं, केवढं, आणि लावणार कुठे. निम्मी गिऱ्हाइकं तिथेच वैतागतात. रीडर म्हणजे काय, भोक असलेली डबी, द्या कोणतीही, असं त्यांना वाटतं. घरी जाऊन कार्ड आत जात नाही, किंवा गेलं तर उघडत नाही, की मग माझ्या नावाने शंख करतात.

फोटोवाला नेमका बुधवारी, स्फोटाच्या आदल्या दिवशी, रीडर घ्यायला आला होता. त्याचा स्वतःचा रीडर पडून तुटला होता. मी तिन्ही प्रश्न विचारले. कार्ड नवीन, एकशे अठ्ठावीस जीबीचं. मी त्याच्यापुढे चार रीडर मांडले. हा वेगवान, पण नव्या गोल तोंडाच्या पोर्टलाच लागतो. हा दोन खाचांचा, मोठी आणि बारकी दोन्ही कार्डं घेतो. हा स्वस्त, पण तोंड ढिलं, फोटो उतरवताना हलला की संपलं. हा वायरवाला, ओबडधोबड दिसतो, पण मी माझ्यासाठी हाच ठेवते.

त्याने चारही उलटेपालटे केले आणि परत ठेवले. "राहू द्या काकू. लाँड्रीच्या ऑफिसात एक आहे. जुना आहे, पण चालतो."

"जुना रीडर आणि मोठं कार्ड यांचं सूत जुळत नाही हं," मी म्हणाले. पुढचं महत्त्वाचं वाक्य बोलणार, तेवढ्यात एक गिऱ्हाईक प्रिंटर घेऊन आलं आणि हा सटकला. ते वाक्य माझ्या तोंडातच राहिलं. आता पाच दिवसांनी हे कार्ड समोर होतं.

"मला क्रमाने सांग," मी त्याला म्हणाले.

"शुक्रवारी सकाळी मला आठवलं की बॉयलरचाही फोटो आहे. आधी वहिनींना सांगितलं, मग लाँड्रीच्या मालकांना. मालक म्हणाले, ऑफिसात कार्ड दे, कॉपी करून घेतो, मग सगळे मिळून बघू. मी दुपारी दिलं. शनिवारी परत घ्यायला गेलो, तर ऑफिसातल्या मॅडमनी तिथल्याच कॉम्प्युटरवर लावून दाखवलं. रिकामं होतं."

"तू नंतर ते कॅमेऱ्यात घातलंस?"

"नाही. हात लावायची भीती वाटली."

"तूच काही पैसे खाऊन पुसलं नाहीस ना रे?" वहिनी म्हणाल्या. हे त्या दोन दिवस मनात घेऊन बसल्या असणार. फोटोवाल्याचे कान लाल झाले.

"याने नाही पुसलं, वहिनी," मी म्हणाले आणि पडदा त्यांच्याकडे वळवला. "हे बघा. कार्डावर छापलंय एकशे अठ्ठावीस. आता ते स्वतःला बत्तीस म्हणवतंय. कॅमेऱ्यात पुसलं असतं तर पूर्ण आकार दिसला असता आणि कॅमेऱ्याच्या नावाचं एक फोल्डर तरी राहिलं असतं. इथे तसं काही नाही. हे कार्ड अशा जागी पुसलं गेलंय, जिथल्या मशीनला त्याचा खरा आकारच कळला नाही."

"म्हणजे कुठे?"

उत्तर मला माहीत होतं. पण शंका एकीकडे आणि पुरावा एकीकडे, म्हणून मी तोंड मिटलं. मी हरवलेले फोटो शोधणारा प्रोग्राम चालू केला. कार्ड वरवर पुसलं असेल तर आतले फोटो बहुतेक वेळा तसेच पडून असतात. वहीची अनुक्रमणिका फाडावी आणि धडे आत राहावेत, तसं. पण बहुतेक वेळा म्हणजे दर वेळी नव्हे.

पडद्यावर आकडा आला. पूर्ण तपासायला तीन तास छप्पन्न मिनिटं लागणार होती, आणि घड्याळात अकराला दहा कमी होते.

"तू इथून उठायचं नाहीस," मी फोटोवाल्याला बजावलं. "रीडरला धक्का लावायचा नाही, वायरीला हात लावायचा नाही. काही सापडलं तर फोन कर. वहिनी, एकला लाँड्रीचं ऑफिस उघडलं की आपण जाऊ."

३

एक वाजता ऑफिस उघडलं तशा आम्ही लाँड्रीत शिरलो. अंगणाच्या टोकाला बॉयलरची खोली होती तिथे आता विटांचा ढीग होता आणि त्याला दोरी बांधलेली होती. मागची भिंत पार कोसळली होती. वहिनी दोरीपाशी थांबल्या. मी त्यांना ओढलं नाही.

"गुरुवारी जाताना म्हणाले होते, पोचल्यावर आधी व्हॉल्व्ह बघतो," त्या म्हणाल्या. "मी म्हटलं, आधी खाऊन तरी जा. तर नाही म्हणाले."

ऑफिसात तिघं होती. मालक फोनवर कुणाला तरी चादरी उशिरा मिळतील म्हणून सांगत होते. मला पाहून त्यांनी फोन झाकला. यांचा प्रिंटर, कॉम्प्युटर, सगळं माझ्याच हाताखालून गेलेलं, त्यामुळे मला दार बंद नव्हतं.

"रीडर तपासायला आलेय," मी म्हणाले. "कार्ड खराब झालं ना."

"तपासा, तपासा. माझे कॅटलॉगचे फोटो पण गेले त्यात." मग त्यांना वहिनी दिसल्या आणि ते एकदम मवाळ झाले. "वहिनी, बसा. तुमच्यासाठी जे करता येईल ते करू. पण व्हॉल्व्ह बांधणं म्हणजे... मी तरी काय बोलणार?"

"काही बोलू नका," वहिनी म्हणाल्या.

कॉम्प्युटरपुढे ऑफिसातली मॅडम बसली होती. मॅडम म्हणायचं, पण वय जेमतेम पंचवीस. नखं कुरतडून लाल केलेली. तिच्या कॉम्प्युटरच्या कडेला एक पिवळी पडलेली चिठ्ठी चिकटवलेली होती. मी चष्मा वर करून वाचली: 'मशीनने काहीही विचारलं तर हो दाबा. मला फोन करू नये. हुकमावरून.'

मला हसू आलं. "हे कुणाचं साहित्य?"

"माझं," मालक म्हणाले. "आधीची एक मुलगी होती. मशीनने जरा काही विचारलं की मला फोन. अपडेट करू का? फोन. कागद संपला. फोन. मी चिठ्ठीच लावली. तेव्हापासून शांतता आहे."

"आणि रीडर?"

मॅडमने ड्रॉवरमधून काढून दिला. रीडर कॉम्प्युटरच्याच वयाचा, आणि त्या कॉम्प्युटरला आता मिसरूड फुटायचं वय झालं होतं. मी डबी हातात फिरवली. हिच्यात कार्ड पालथं घालावं लागतं, नाव खाली करून. सरळ घातलं तर अर्ध्यावर अडतं.

"शुक्रवारी काय झालं गं?" मी तिला विचारलं.

तिने स्टेपलरकडे बघत उत्तर दिलं. "पाच वाजता मी कॉपी करायला बसले. कार्ड लावलं. रिकामं होतं."

"त्याआधी कुणी लावलं होतं?"

 उत्तर माझ्या मागून आलं.

"मी लावलं होतं," सुपरवायझर म्हणाले.

४

सुपरवायझर म्हणजे मालकांचा उजवा हात. बॉयलरवाला रजेवर असला की बॉयलर तेच बघायचे. माणूस नीटनेटका, बोलणं हळू. आधी वहिनींसाठी पंखा वाढवला, मग माझ्यासाठी खुर्ची ओढली. मला असल्या माणसांचा राग येत नाही, भीती वाटते.

"शुक्रवारी चार वाजता मी स्वतः कार्ड इथे लावलं," ते म्हणाले. "याच रीडरमध्ये, याच कॉम्प्युटरवर. सगळे फोटो होते. बॉयलरचाही होता. मोठा करून पाहिला. व्हॉल्व्हला तार नव्हती. सांगताना वाईट वाटतं, पण मंगळवारी व्हॉल्व्ह मोकळा होता. बुधवारीही मी बघितला, मोकळाच. म्हणजे तार गुरुवारीच बांधली गेली, आणि गुरुवारी सकाळी तिथे एकच माणूस होता."

वहिनींनी डोळे मिटले.

"मग पुसलं कुणी?" मी विचारलं.

"चार ते पाचच्या मध्ये काहीतरी झालं असेल. कुणाचा तरी चुकून हात लागला असेल." त्यांनी मॅडमकडे पाहिलं नाही. पण न पाहण्यातही एक पाहणं असतं. "मी कुणाला दोष देत नाही. तपासनिसांना मी जे डोळ्यांनी पाहिलं ते सांगणार."

मॅडमने खालचा ओठ दातांत धरला होता. घाबरलेली होतीच, पण नुसती चूक झालेल्या माणसासारखी नव्हे, तर कुणाच्या उपकाराखाली दबलेल्या माणसासारखी.

घड्याळात पावणेदोन झाले होते. मी फोन पाहिला. फोटोवाल्याचा काही निरोप नव्हता. मी त्याला लावला.

"काकू, पंच्याहत्तर टक्के झालंय," तो म्हणाला. आवाज रडवेला होता. "अजून एकही फोटो नाही."

मी फोन खिशात टाकला. माझ्याकडे पुरावा नव्हता. माझ्या पिशवीत होती ती फक्त दोन मेमरी कार्डं, दुकानातून निघताना उचललेली. एक सोळाचं, एक एकशे अठ्ठावीसचं. दोन्हींवर माझ्या कपाटांचे फोटो. त्यांच्यावरच सगळी मदार होती.

"सुपरवायझर," मी म्हणाले, "एक काम कराल? रीडर बिघडलाय की कॉम्प्युटर, ते मला कळत नाहीये. हे कार्ड फोटोवाल्याच्या कार्डाएवढंच आहे. शुक्रवारी उघडलंत तसं उघडून दाखवा."

"मी?"

"तुम्हालाच तर माहिती आहे."

मालकांनी फोन खाली ठेवला. सुपरवायझर खुर्चीत बसले, कार्ड घेतलं आणि रीडरमध्ये घातलं. ते अर्ध्यावर अडलं. त्यांनी जोर केला. पुन्हा अडलं.

"पालथं घालायचं," मॅडम अगदी हळू म्हणाली. तिच्या तोंडून ते आपोआप निघून गेलं असावं.

त्यांनी कार्ड पालथं केलं. खट् आवाज झाला. सगळे पडद्याकडे बघत होते.

५

फोटो आले नाहीत. पडद्यावर एक चौकट आली. तिच्यात जे इंग्रजीत होतं त्याचा अर्थ एवढाच होता: हे कार्ड फॉरमॅट केलेलं नाही, पुसून नव्याने मांडायचं का? हो की नाही?

सुपरवायझर मागे सरकले. "तुमचं कार्ड खराब आहे."

"असेल बाई," मी म्हणाले. कार्ड काढलं आणि माझ्या फोनला बारका रीडर लावून त्यात घातलं. माझी तिन्ही कपाटं फोनवर स्वच्छ दिसली. मालकांनी वाकून पाहिली.

"मग रीडर बिघडलाय. शुक्रवारनंतर बिघडला असेल."

मी सोळाचं कार्ड त्यांच्या जुन्या रीडरमध्ये घातलं. पालथं. तीच कपाटं कॉम्प्युटरवर आली.

"रीडर ठणठणीत आहे," मी म्हणाले. "कॉम्प्युटरही. पण दोघंही ज्या काळातले, त्या काळात एवढी मोठी कार्डं नव्हती. लहान कार्ड यांना वाचता येतं. मोठं घातलं की यांना वाटतं कोरा कागद आला, आणि विचारतात, रेघा मारू का? आज असं झालं, शुक्रवारी चार वाजताही असंच झालं असतं. या कॉम्प्युटरवर त्या कार्डातला एकही फोटो दिसणं शक्य नाही. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? आणि सुपरवायझर, तुम्हाला तर कार्ड कसं घालायचं तेही माहीत नव्हतं."



"पण शनिवारी रिकामं दिसलं ना," मालक म्हणाले. "वाचता येत नाही, तर रिकामं तरी कसं दिसलं?"

"कारण शुक्रवारी कुणीतरी त्या चौकटीत हो दाबलं. मग या मशीनने आपल्या कुवतीप्रमाणे त्या कार्डाचं बत्तीसचं कार्ड केलं आणि ते रिकामं दाखवलं." मी पिवळ्या चिठ्ठीकडे बोट दाखवलं. "हुकमावरून."

मालकांनी स्वतःचंच अक्षर वाचलं. त्यांचा चेहरा उतरला.

मॅडम रडायला लागली. "मीच दाबलं. मी नेहमीच दाबते. सगळ्याला हो दाबते. इतकी सवय झालीय की मी वाचतच नाही." ती वहिनींकडे वळली. "काकू, मला खरंच माहीत नव्हतं. एका मिनिटात सगळं कोरं झालं. हे मागे उभे होते. म्हणाले, तू सगळं घालवलंस, पण घाबरू नको, मी सांभाळून घेतो. मी आधी पाहिलं होतं असं सांगतो. तू फक्त गप्प राहा."

वहिनी तिच्या बोटांकडे बघून म्हणाल्या, "नखं खाऊ नको. रक्त येतंय."

तुला समजेल असं कुणी सांगितलं नव्हतं पोरी, असं मला म्हणायचं होतं. सांगणारी मीच होते, आणि माझं वाक्य बुधवारी प्रिंटरपाशी अडकलं होतं. चौकट आली तर हो दाबू नको. एवढंच ते वाक्य.

सुपरवायझर उठले. त्यांनी खुर्ची टेबलाखाली नीट सरकवली. आता त्यांचा आवाज हळू नव्हता.

"बरं. मी फोटो पाहिले नाहीत. मुलीची नोकरी जाऊ नये म्हणून खोटं बोललो. पण म्हणून काय सिद्ध झालं? तार कुणी बांधली ते मी नाही पाहिलं, तुम्ही नाही पाहिलं, आणि फोटो तर आता जगात नाही. पक्कड त्याच्या हातात होती. हे तरी खरं ना?"

ते खरं होतं.  बाहेर अंगणात गाडी थांबल्याचा आवाज आला, आणि मालक खिडकीतून बघत म्हणाले, "तपासनीस आले. अर्धा तास आधीच."

६

तपासनीस वयस्कर, जाड भिंगांचे. त्यांनी टेबलावर कागद मांडले, पेनाचं टोपण काढलं आणि मालकांना म्हणाले, "घडलं कसं, सांगा."  सुपरवायझर पुढे झाले.

वहिनी माझ्या कानाशी म्हणाल्या, "आता लिहितील."

"साहेब," मी म्हणाले, "वीस मिनिटं थांबा. एक फोटो यायचाय."

"आपण कोण?"

"रीडर विकते."

त्यांनी भिंगांवरून माझ्याकडे पाहिलं. तेवढ्यात फोन वाजला. फोटोवाला ओरडत होता. मला फक्त 'येतोय' कळलं. कार्डाच्या शेवटच्या भागात फोटो एकदम सापडू लागले होते. या जुन्या मशीनला कार्डाचा पहिला चौथा हिस्साच दिसला होता. त्यापलीकडच्या भागाला, जिथे शेवटाकडे मंगळवारचे फोटो होते, तिचा हातही लागला नव्हता. तिचं अज्ञानच आमच्या कामी आलं.

दहा मिनिटांत फोटोवाला लॅपटॉप छातीशी धरून आला. त्याने तो टेबलावर उघडून ठेवला. चादरींच्या घड्या, इस्त्रीची मशीनं, ड्रायरची गोल तोंडं, एकेक फोटो सरकत गेला. मग बॉयलर आला. खाली कोपऱ्यात मंगळवारची तारीख होती, दुपारी बारा दहाची वेळ होती.

फोटोवाल्याने व्हॉल्व्ह मोठा केला. त्यावर तार होती. तीन फेरे आणि घट्ट पीळ.

 तपासनिसांनी आपल्याजवळचा, सापडलेल्या तारेचा फोटो काढून शेजारी धरला. पीळ तोच होता.

"मंगळवारी बॉयलरवर कोण होतं?" त्यांनी विचारलं.

मालकांनी सुपरवायझरकडे पाहिलं. सुपरवायझरनी त्या फोटोकडे, मग खिडकीबाहेरच्या विटांकडे.

"व्हॉल्व्ह सारखा उडत होता," ते शेवटी म्हणाले. "दर वेळी वाफ खाली, दर वेळी मशीनं बंद. हॉस्पिटलच्या चादरी अडल्या होत्या. मी चार दिवसांपुरताच बांधला. दाब मी स्वतः बघत होतो. गुरुवारी तो येणार होता. वाटलं, आल्यावर तो सोडवेल."

"सोडवायलाच गेले होते," वहिनी म्हणाल्या.

पक्कड बांधायलाही लागते आणि सोडवायलाही, हे चार दिवसांत आमच्यापैकी कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं. सुपरवायझर खाली बसले. खुर्ची कुठे आहे ते न बघता बसले, आणि मला त्यांची दया आली नाही.

"जरा थांब," वहिनी फोटोवाल्याला म्हणाल्या. "मागे काय आहे ते? भिंतीवर."

त्याने फोटो सरकवला. बॉयलरच्या मागच्या भिंतीवर, आता जिच्या विटांचा ढीग बाहेर पडला होता त्या भिंतीवर, खडूने लिहिलेलं होतं. ठसठशीत, डावीकडे झुकलेलं अक्षर. व्हॉल्व्हच्या बरोबर मागे, जो कुणी व्हॉल्व्हला हात लावेल त्याला दिसावं असं.

'व्हॉल्व्ह उडतो. बांधू नये. कामाला उशीर झाला तर चालेल. गुरुवारी मी आल्यावर बघतो.'

तपासनिसांनी ते दोनदा वाचलं आणि लिहायला घेतलं. सुपरवायझरनी वर पाहिलं नाही. त्यांनी ते तार बांधतानाच वाचलं असणार. ऑफिसातली मॅडम उठली आणि कॉम्प्युटरवरची पिवळी चिठ्ठी काढायला लागली. जुना गोंद होता, चिठ्ठी तुकड्यातुकड्याने निघाली.

निघताना वहिनींनी मला अंगणात थांबवलं.

"ताई, त्या फोटोचा एक कागद काढून द्याल?"

"देते ना. मोठा काढते, व्हॉल्व्ह स्पष्ट दिसेल असा."

"व्हॉल्व्ह नको," त्या म्हणाल्या. "तेवढं अक्षर कापून द्या."